अंथुर्णेकरांच्या श्वासाचा हिशेब

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे ही गावे मागे पडली की अंथुर्णे येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा टापू. गाळप हंगाम सुरू झाला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी उतरते आणि तोडणी झालेल्या फडांत पाचट पेटते. हवा बिघडली आहे हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. मात्र ती किती बिघडली आणि नेमकी कोणाच्या छातीत गेली, हे सांगणे फार कठीण आहे.

प्रथम मोजणीचा प्रश्न घेऊ. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. तो शहरांसाठी आहे. पुण्याचा त्यात समावेश आहे, अंथुर्ण्याचा नाही. पुण्यातील यंत्राचा आकडा शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या गावाला लावणे म्हणजे शेजारच्या तालुक्यातील पर्जन्यमापक पाहून आपल्या विहिरीचे पाणी ठरवण्यासारखे आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञ उपग्रहांचा आधार घेतात. सूर्यप्रकाश धूलिकणांमुळे किती अडतो व विखुरतो, ह्यावरून जमिनीलगतच्या सूक्ष्म कणांचा अंदाज बांधला जातो. पद्धत मोलाची आहे, पण तिच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. उपग्रह पाहतो तो हवेचा संपूर्ण उभा स्तंभ. आपण श्वास घेतो तो तळाशी. पावसाळ्यात ढग आड येतात. शिवाय ह्या कामी दीर्घकाळ वापरलेले 'टेरा' आणि 'अ‍ॅक्वा' हे उपग्रह अनेक वर्षे आपल्यावरून साधारण सकाळी साडेदहा आणि दुपारी दीडच्या सुमारास जात असत. सायंकाळी, वारा पडल्यावर पेटवलेल्या फडाचा धूर त्या वेळी आकाशात नसतो. हिवाळ्यात तोच धूर रात्रभर जमिनीलगत कोंडून राहतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कपड्यांवर पडते ती राख डोळ्यांना दिसते, म्हणून तक्रार तिचीच होते. फुप्फुसांत खोलवर जातात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कपडे स्वच्छ राहिले, म्हणजे हवा स्वच्छ होती असे नव्हे.

आता मुख्य मुद्दा. हवेतील प्रदूषण आणि माणसाला प्रत्यक्ष घडणारा त्याचा संसर्ग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस कोठे किती तास होता, हे विचारात घ्यावे लागते. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. गावात सूक्ष्म कणांची पातळी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. भारताची २००९ मध्ये ठरलेली वार्षिक मर्यादा तेवढीच आहे (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी अवघी ५ आहे, हे ध्यानात असू द्यावे). एक स्त्री तीन तास चुलीपुढे बसते, तेथे पातळी ३००; एक तास जळत्या फडाशेजारी, तेथे २००; उरलेले वीस तास ४०. तिची दिवसाची सरासरी ७९ येते. यंत्र म्हणेल, गाव मर्यादेत आहे. तिच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट आले.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नव्हे. कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटी मापनयंत्रे बांधून धुराची मोजणी केली होती. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला मोजा, केवळ चौकाला नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकातही स्वयंपाकाच्या इंधनाच्या धुराचा स्पष्ट उल्लेख आहे.

ह्या दृष्टीने पाहता आपल्या टापूत सर्वांत दुर्लक्षित कोण, तर ऊसतोड मजूर. बीड, अहिल्यानगरकडून ही कुटुंबे हंगामापुरती येतात, उघड्यावर कोप्या बांधतात, पहाटे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतात आणि दिवसभर फडात राबतात. कष्टाच्या कामात श्वास जलद आणि खोल होतो, म्हणजे तेवढ्याच हवेतून अधिक कण आत जातात. त्यांची लेकरे तेथेच धुरात खेळतात. प्रदूषणाचे नकाशे मात्र माणसे जनगणनेतल्या गावी वर्षभर बसून आहेत असे गृहीत धरतात. जे सर्वाधिक धूर घेतात, त्यांचा हिशेब भलत्याच गावाच्या हवेशी जोडला जातो. माझ्या मते ही तांत्रिक त्रुटी नसून अन्याय आहे.

डिसेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१९ ह्या एका वर्षात भारतातील १६.७ लाख मृत्यूंचा संबंध हवा-प्रदूषणाशी जोडला, त्यांपैकी ९.८ लाख बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांशी. हे आकडे अशाच अंदाजांवर उभे आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण खेड्यांकडे पाहण्याची त्यांची नजर अंधुक आहे, एवढे खरे.

ग्रामपंचायतीने वा शाळेने स्वस्तातले एखादे मापनयंत्र बसवायचे ठरवले, तर ते गावच्या चावडीवर नको. एक कोप्यांजवळ, एक शाळेच्या व्हरांड्यात, आणि नोंद घ्यावी ती रात्रीचीही. पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी ह्या टापूत आहेत; त्यांच्या फडाशेजारची आणि पेटवलेल्या फडाशेजारची नोंद एकाच आठवड्यात घेतली, तर तुलना करायला पुण्याच्या आकड्याची वाट पाहावी लागणार नाही.