गिधाडांचा हिशेब

गेल्या मे महिन्यात मुलीकडे माद्रिदला गेलो होतो. "बाबा, उद्या म्युझियम बघायचं की पक्षी?" असे तिने विचारले आणि माझ्या तोंडून 'पक्षी' निघून गेले. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांत आधी डबा भरून तयार होत्या त्याच!

आम्ही निघालो होतो एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या मोनफ्राग्वेला. तीनेक तासांचा रस्ता. शेवटचा टप्पा 'देहेसा'मधून जातो. देहेसा म्हणजे ना धड जंगल, ना धड कुरण. ओकची झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी. खाली गवत आणि गवतात चरणाऱ्या गाई-मेंढ्या. बाटलीचे बूच ज्यापासून होते त्या ओकची साल दर नऊ वर्षांनी काढतात आणि कोणत्या वर्षी काढली त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. बँकेत जन्म घालवलेल्या मला ती मुदत ठेवीची पावतीच वाटली! झाडांमधून निळ्या पंखांच्या आणि काळ्या टोपीच्या मॅगपाय पक्ष्यांची टोळी कलकलाट करीत गेली. तारेवर आपल्या वेड्या राघूचे थोरले, अधिक रंगीत भाऊबंद बसले होते. दूर कुठेतरी हुदहुद घुमत होता.

मग ताहो नदीचा काठ आला आणि पलीकडे पेन्या फाल्कोनचा सरळसोट कडा. सकाळी दहाच्या सुमारास ऊन तापले, हवा वर चढू लागली आणि कड्यावरून एकेक गिधाड पंख न हलवता उचलले गेले. पाच, पंधरा, चाळीस... मी मोजणे सोडून दिले. काही आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की पंखांची सळसळ ऐकू आली. त्यांच्यात अधूनमधून एखादे काळे गिधाड दिसे. नऊ फुटांच्या आसपास पंखविस्तार, घरटे मात्र कड्यावर नव्हे, झाडावर. या परिसरात त्यांची तीनशेहून अधिक जोडपी आहेत. खडकावर एक निळा कस्तुर गात होता. त्याचे जातभाई हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर येतात.

"बाबा, गप्प का झालात?" मुलीने विचारले.

काय सांगणार? मला १९८५ साल आठवत होते. ग्रामीण शाखेत म्हशींसाठी कर्जे वाटण्याचे ते दिवस. म्हैस मेली की विम्यासाठी तिच्या कानातला बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. त्यामुळे निरोप आला की मी मोटारसायकलला टांग मारून, मेलेली जनावरे टाकण्याच्या गावाबाहेरच्या जागेकडे धावत असे. शर्यत गिधाडांशी असे. तासा-दीड तासात ती सांगाडा उरवीत. एकदा आम्ही हरलो. म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "सायेब, त्यांचं काम त्येंनी केलं. आता तुमचं तुमी करा."

पुढे ही शर्यत आपोआप संपली, कारण प्रतिस्पर्धीच उरला नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. कारण २००४ साली उघड झाले. जनावरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली आपण त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पण कुजत पडलेल्या जनावरांवर कुत्री पोसली गेली, पाणी दूषित झाले. २०२४ साली दोन अर्थतज्ज्ञांनी याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने २००० ते २००५ या काळात गिधाडे नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. ताळेबंदात कधीच न दिसलेला हा खर्च!

स्पेननेही चूक केली, वेगळी. गाईंच्या 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने २००२ साली युरोपात नियम झाला, की मेलेली जनावरे रानात न ठेवता ट्रकने कारखान्यात न्यावीत. गिधाडे उपाशी राहू लागली. पक्षिमित्रांनी आणि शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि २०११ साली नियम सैल झाला. आज स्पेनमध्ये कड्यांवरच्या गिधाडांच्या तीस हजारांवर जोड्या आहेत. चुकलेली नोंद दुरुस्त करता येते, ती अशी. पण त्याच देशाने २०१३ साली डायक्लोफिनॅकला जनावरांसाठी परवानगी दिली. आपली चिता विझायच्या आत! २०२० साली तिथे काळ्या गिधाडाचे एक पिल्लू याच औषधाने मेले.

वाचकहो, मोर आणि धनेश यांच्यावर प्रेम करणे सोपे आहे. गिधाडाला शिवीखेरीज आपल्या भाषेत जागा नाही. पण ज्याचे काम फुकट असते त्याची किंमत आपण शून्य लावतो, ही माझ्या मते या साऱ्यातली मूळ चूक आहे. ती मीही केली. बिल्ल्यासाठी धावताना कधी वर मान करून बघितले नाही.

२०२४ साली पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडे आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. त्यांचे भवितव्य वनखात्याच्या हातात फार थोडे आहे. गिधाड रोज दूरदूर उडते आणि जंगलाबाहेरच्या गावात उतरते. तिथे म्हशीला ताप आला तर डॉक्टरांच्या पिशवीतून कोणती बाटली निघते, त्यावर सारे अवलंबून आहे. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध बाजारात मिळते. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मेहुणे गावी जनावरे पाळतात. पुढच्या वेळी फोनवर पाऊसपाणी विचारून झाले, की ही एवढी चौकशीही करा.

संध्याकाळी परतताना मुलीने विचारले, "आपल्या गावाकडे पूर्वी इतकी होती?"

"होती," मी म्हणालो. सौभाग्यवती मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या चिंचेवर रोज बसायची. आम्ही दगड मारायचो."