घर आणि घरपण : दिवा कोणासाठीं ?

दसरा उलटून दिवाळी तोंडावर आली, कीं घरोघरीं एक ठराविक चर्चा सुरू होते. यंदा दिवाणखान्यास कोणता रंग द्यावा, पडदे नवे करावे कीं जुनेच धुऊन लावावे, मधोमध टांगलेलें झुंबर काढून त्या जागीं छतांत दडविलेले नव्या तऱ्हेचे दिवे बसवावे कीं काय, या प्रश्नांवर घरांतील लहानथोर मंडळी आपापलें मत हिरीरीनें मांडूं लागतात. या चर्चेबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. घर नीटनेटकें व प्रसन्न असावें, ही इच्छा सुसंस्कृत मनाचीच खूण होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही सारी चर्चा बहुधा एकाच खोलीपुरती होते. आणि ती खोली म्हणजे जेथें घरचीं माणसें सर्वांत कमी काम करितात व बाहेरचीं माणसें येऊन बसतात ती. दिव्यांच्या व सजावटीच्या बाबतींत आपण आपलें घर नेमकें कोणासाठीं सजवितों, हा प्रश्न या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाहीं. आमच्याच घरीं आमची जी फजिती झाली, तींतून तो सुचला. आमच्या काकू पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. सायंकाळीं देवापुढें निरांजन लावून झालें, कीं तासभर पोथी किंवा एखादें मासिक वाचावयाचें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वीं तो नेम हळूहळू सुटला. विचारलें तर म्हणत, "डोळे गेले रे आतां. वाचूं कशानें?" आम्हीं खेदानें मान डोलाविली, आणि त्याच दिवाळींत दिवाणखान्याच्या छतांत अकरा दिवे बसवून घेतले !

पुढें काकूंना डोळ्यांच्या वैद्यांकडे नेलें. त्यांनीं सर्व तपासणी करून सांगितलें, "मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, शस्त्रक्रियेची घाई नाहीं. चष्मा ठीक आहे. पण या वाचतात कोठें बसून?" या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपैकीं एकासही देतां येईना. घरीं येऊन पाहिलें, तों काकूंची खाट आंतल्या खोलीच्या कोपऱ्यांत. त्या खोलींतील एकुलता एक दिवा समोरच्या भिंतीवर. आणि मध्यें उभें असलेलें कपडयांचें कपाट. त्या कपाटाची सावली बरोबर काकूंच्या उशीवर पडत होती. कांहींशें रुपयांचा, मान वळविणारा एक मेजावरचा दिवा आणून तो त्यांच्या डाव्या खांद्याशीं ठेविला. त्या रात्रीं काकूंना जेवावयास दोनदां हांक मारावी लागली. दोन वर्षें आम्हीं एका माणसाचें वाचन बंद पाडलें होतें, आणि दोष मात्र त्यांच्या वयावर ढकलला होता.

वयाचा यांत कांहींच भाग नाहीं, असें मात्र नव्हे. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जातें आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाहीं. त्यामुळें साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. याचा व्यवहारांतील अर्थ उघड आहे. घरांतील तरुण मनुष्य दिवा लावून "भरपूर उजेड आहे" असें म्हणतो, तेव्हां तो आपल्या डोळ्यांपुरतेंच बोलत असतो. वृद्धांच्या जागीं किती उजेड असावा, हें वृद्धांनाच विचारलें पाहिजे. शिवाय नुसता मोठा दिवा छतास टांगून हें काम भागत नाहीं. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालें, कीं प्रकाश एकचतुर्थांश होतो. आठ फुटांवरील दिव्यापेक्षां दोन फुटांवरील तोच दिवा पुस्तकावर सुमारें सोळापट उजेड देतो. तेव्हां वाचणाराजवळ दिवा नेणें, हाच शहाणपणाचा व काटकसरीचा मार्ग होय.

आमच्या वाडवडिलांना हें मर्म ठाऊक होतें. दिवळी किंवा कोनाडा भिंतींत जमिनीपासून फार उंच नसे, कारण तेलाच्या दिव्याचा उजेड बसलेल्या माणसाच्या कामापाशींच हवा असे. समई, पणती, कंदील हे सारे उचलून नेण्याजोगे. माणूस जेथें तेथें दिवा. विजेचा दिवा आला आणि तो छतास कायमचा जखडला गेला. तेव्हांपासून माणसानें दिव्याकडे जावें, असा उलटा प्रघात पडला. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. घरगुती वीज मात्र त्यानंतरही दीर्घ काळ महागच वाटे, आणि खोलीस एकच दिवा ही त्या काळची रास्त काटकसर होती. आतां ती सबब उरलेली नाहीं. निळा प्रकाश देणाऱ्या एल. ई. डी. च्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पांढरा प्रकाश देणारे आजचे स्वस्त दिवे त्या शोधामुळेंच शक्य झाले. १९१५ च्या त्या घटनेस बरोबर शंभर वर्षें झालीं असतां, म्हणजे २०१५ च्या जानेवारींत, सरकारच्या 'उजाला' योजनेनें ते घरोघरीं पोंचविण्यास आरंभ झाला. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका प्रकाश, म्हणजे सुमारें ७०० ते ८०० ल्यूमेन, हल्लींचा ९ वॅटचा दिवा देतो. रोज पांच तास लाविल्यास जुना बल्ब महिन्याकांठीं ९ युनिटें खाई. नव्यास दीड युनिटही लागत नाहीं. स्वयंपाकघरांतील अंधारास आतां गरिबी कारण नसून केवळ आपलें दुर्लक्ष कारण आहे.

स्वयंपाकघराचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला. काकूंच्या प्रकरणानें डोळे उघडल्यावर आम्हीं एका सायंकाळीं साऱ्या घरांतून हिंडलों. स्वयंपाकघरांत वडील वहिनी ओट्यापाशीं भाजी चिरीत होत्या. दिवा खोलीच्या मध्यभागीं, म्हणजे त्यांच्या पाठीमागें. त्यामुळें पाटावर, सुरीवर व बोटांवर त्यांची स्वतःचीच सावली पडलेली. आम्हीं विचारलें, "वहिनी, येथें नीट दिसतें का हो?" त्या हंसून म्हणाल्या, "भावोजी, बावीस वर्षें झालीं या ओट्यापाशीं. कोणी विचारलें नाहीं, म्हणून मींही सांगितलें नाहीं. आतां हातालाच दिसतें." या उत्तरांतील विनोद आम्हांस कळला, पण हंसूं मात्र आलें नाहीं. ज्या जागीं घरांतील स्त्रिया दिवसाचे कित्येक तास सुरी, विस्तव व उकळतें तेल यांच्याशीं काम करितात, त्या जागेचा दिवा निवडतांना त्यांचें मत कोणीं घेतलेलें नसतें. आणि ज्या झुंबराखालीं महिन्यांतून चार वेळां पाहुणे बसतात, त्याच्यासाठीं मात्र तीन दुकानें पालथीं घातलीं जातात!

उपाय अवघड नाहीं. ओट्यावर भिंतींतलीं कपाटें असतील, तर त्यांच्या तळाशीं पुढच्या कडेजवळ नळीसारखा बारीक दिवा बसवावा, म्हणजे उजेड हातांवर पडतो आणि डोळ्यांत जात नाहीं. कपाटें नसतील, तर समोरच्या भिंतीवर झांकणीचा दिवा लावावा. त्यावर वाफ व तेलाचा चिकटा बसतो; म्हणून तो महिन्यांतून एकदां वीज बंद करून पुसणें अवश्य आहे. डाळतांदूळ निवडण्याचें काम मात्र दिवसां खिडकीपाशींच उत्तम. त्या खिडकींत बरण्यांची रांग मांडून सूर्याचा फुकटचा उजेड अडविला जात नाहीं ना, हें पाहावें.

आतां दिव्याच्या रंगाविषयीं दोन शब्द. दिव्याच्या खोक्यावर 'केल्विन' या मापानें एक आंकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, उबदार प्रकाश. ४००० च्या आसपास मध्यम पांढरा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुकानदार बहुधा ६५०० चाच दिवा पुढें करितो, कारण तो दुकानांत अधिक लखलखीत दिसतो. असा निळसर प्रकाश रात्रीं उशिरां डोळ्यांवर येत राहिला, तर झोंप आणणारा मेलाटोनिन नांवाचा स्राव शरीरांत कमी होतो. म्हणून शेजघरांत व वृद्धांच्या खोलींत पिवळसर, स्वयंपाकघरांत व अभ्यासाच्या जागीं मध्यम, अशी योजना आम्हांस इष्ट वाटते. दुसरा आंकडा 'सी. आर. आय.' या नांवाचा. त्यावरून त्या दिव्याखालीं वस्तूंचे मूळ रंग कितपत खरे दिसतात, तें कळतें. तो शंभराच्या जितका जवळ तितका चांगला. स्वयंपाकघरासाठीं ९० च्या पुढील घ्यावा. हळद, कोथिंबीर आणि पोळीवरचे डाग जसे असतील तसे दिसावे, हा कांहीं केवळ शोभेचा प्रश्न नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पेंच असतो. एकाच खोलींत मुलांस अभ्यास करावयाचा असतो आणि आजोबांस नऊ वाजतां निजावयाचें असतें. एक मोठा दिवा असला, कीं दोघांपैकीं एकाची कुचंबणा ठरलेलीच. आणि बहुधा ती, जो कुरकुर करीत नाहीं त्याची होते. मुलाच्या मेजावर झांकणीचा स्वतंत्र दिवा ठेविला, तर हा तंटा तेथेंच मिटतो. मूल उजव्या हातानें लिहिणारें असेल, तर दिवा डावीकडे असावा. डाव्या हातानें लिहिणारें असेल, तर उजवीकडे. म्हणजे लेखणीची सावली अक्षरांवर पडत नाहीं. मात्र भोंवतालीं अगदीं काळोख करून केवळ वहीवर झोत टाकूं नये; मागें एखादा मंद दिवा असूं द्यावा, म्हणजे डोळे शिणत नाहींत.

सजावटीचा या साऱ्याशीं निकटचा संबंध आहे. पांढरी भिंत आपणांवर पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ चारपंचमांश भाग परत देते. गर्द तपकिरी किंवा किरमिजी भिंत त्याचा फार मोठा भाग गिळून टाकते. छत नेहमीं पांढरेंच ठेवावें. गडद रंगाची हौस असेल, तर ती खूप उजेड असलेल्या खोलीच्या एका भिंतीवर फेडावी, अंधाऱ्या माजघरांत नव्हे. रंग दुकानांतील नमुन्यावरून ठरवूं नये. घरच्याच भिंतीवर दोन फूट चौरस पट्टा देऊन तो सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर पाहावा. एकच रंग तीन वेळां तीन तऱ्हेचा दिसतो. पूर्वजांच्या तसबिरींसमोर दिवा असला, कीं कांचेंत दिव्याचेंच दर्शन घडतें, आजोबांचें नव्हे. तो तसबिरीच्या वर, किंचित पुढें घेऊन तिरपा सोडावा. देवघरांत मात्र फार झगझगाट नको. समईच्या ज्योतीस आपलें तेज दाखवावयास थोडी सावली लागते. रंगीबेरंगी लुकलुकणाऱ्या माळांनीं तिला झांकून टाकणें आम्हांस तरी रुचत नाहीं.

शेवटीं एक जागा राहिली, जी कोणाच्याच यादींत नसते : खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट. वृद्ध माणसें रात्रीं दोनतीन वेळां उठतात, कोणाची झोंप मोडूं नये म्हणून दिवा लावीत नाहींत, आणि उंबऱ्याशीं किंवा ओल्या फरशीवर पाय घसरतो. अर्ध्या वॅटचा पिवळसर दिवा जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीस लाविला, तर पाऊल दिसतें आणि झोंपही मोडत नाहीं. जिन्यास खालीं व वर अशीं दोन बटणें असावीं, म्हणजे कोणासही अंधारांत पायऱ्या चांचपाव्या लागत नाहींत.

तेव्हां वाचकांस आमची विनंति अशी, कीं यंदा दिवे घेण्यापूर्वीं दिवेलागणीनंतर एकवार साऱ्या घरांतून फिरावें. प्रत्येक माणसाच्या नेहमींच्या जागीं क्षणभर स्वतः बसावें. आजींच्या खाटेवर, मुलाच्या मेजाशीं, ओट्यापाशीं. हातांत पुस्तक किंवा निवडावयाचें ताट घ्यावें आणि सावली कोठें पडते तें पाहावें. मग त्या त्या माणसास विचारावें. दिवाणखान्याची पाळी अगदीं शेवटीं यावी. पाहुणे तासभर थोडक्या उजेडांत बसले, तर कांहीं बिघडत नाहीं.

आमच्या दिवाणखान्याच्या छतांतील अकरा दिव्यांपैकीं हल्लीं चारच लागतात. काकूंचा मेजावरचा दिवा मात्र रोज लागतो, आणि ओट्यावरील नव्या दिव्याविषयीं वहिनींनीं परवां आपण होऊन सांगितलें, "भावोजी, आतां डोळ्यांनाही दिसतें."