दुसऱ्याचें भांडवल मागतांना

एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, "आमच्या धाकट्या भावजींनीं नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढला आहे. पुढील महिन्यांत मुंबईच्या एका गुंतवणूकदारापुढें त्यांना २० मिनिटें बोलावयाचें आहे. तेथें नकार मिळाला, तर मामंजींच्या निवृत्तीच्या पुंजीस हात लागेल, अशी घरांत धास्ती आहे. त्यांनीं तेथें काय बोलावें?" प्रश्न भावजींचा असला, तरी काळजी सगळ्या घराची आहे, म्हणून उत्तर येथेंच देतों.

नागपूरकरांस या बाबतींत उदाहरणासाठीं दूर जावयास नको. १८७४ सालीं जमशेटजी टाटांनीं १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढून शुक्रवारी तलावाजवळची दलदलीची जागा गिरणीसाठीं घेतली. ती मातीनें भरून काढण्याचें काम पाहून येथील एका मारवाडी पेढीवाल्यानें पैसे देण्याचें नाकारलें. हा गृहस्थ सोनें जमिनींत गाडीत आहे, असें त्याचें मत पडलें. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस गिरणी सुरू झाली. पुढें तिची भरभराट पाहून, टाटांनीं माती घालून सोनें काढलें, अशी कबुली त्याच पेढीवाल्यानें दिल्याचें टाटांच्या चरित्रांत नमूद आहे. ती गिरणी आतां राहिली नाहीं. गोष्ट मात्र राहिली आहे.

ही गोष्ट आपण पेढीवाल्यास हंसण्यासाठीं सांगतों. पण घटकाभर त्याच्या गादीवर बसून पाहावें. डोळ्यांपुढें चिखल, त्यांत रिकाम्या होणाऱ्या मातीच्या गाड्या, आणि मागणी रोख रुपयांची! चिखल कोणालाहि दिसतो. त्यामागचा हिशेब सांगितल्यावांचून दिसत नाहीं. जमशेटजींचा हिशेब तीन वाक्यांत मावण्यासारखा होता. नागपूर-वर्ध्याचा कापूस दाराशीं आहे; वरोड्याचा दगडी कोळसा जवळ आहे; आणि १८६७ पासून रेल्वे नागपुरास आलेली आहे. भावजींनींहि आपल्या उद्योगाचीं अशीं तीन वाक्यें आधीं शोधावीं. "देशांत इतके कोटी लोक आहेत, त्यांतले शेंकडा एक जरी आमच्याकडे आले तरी," हें वाक्य त्यांत नसावें. तें प्रत्येकजण म्हणतो, आणि तो एक कसा येणार हें कोणीच सांगत नाहीं. उलट पैसे मोजून माल नेलेलीं व पुन्हां परत आलेलीं १० गिऱ्हाइकें दाखवितां आलीं, तर तीं अधिक मोलाचीं.

दुसरी गोष्ट आंकड्यांची. समजा, मागणी २४ लाखांची आहे आणि बदल्यांत १२ टक्के हिस्सा द्यावयाचा आहे. म्हणजे पैसे आल्यानंतर सगळा उद्योग २ कोटींचा ठरला. तो तेवढ्या किंमतीचा कां, याचें उत्तर तयार हवें. मिळकतीहून खर्च दरमहा २ लाखांनीं अधिक असेल, तर ही रक्कम १२ महिने पुरेल. त्या १२ महिन्यांत काय उभें राहणार, तेंहि सांगावयास हवें.

तिसरी गोष्ट चिखलाची. तो झांकूं नये. जमशेटजींचीहि आरंभीं स्वस्तांत घेतलेलीं यंत्रें हलकीं निघालीं व बदलावीं लागलीं. आपल्या उद्योगांत काय फसूं शकेल, हें गुंतवणूकदारानें विचारण्यापूर्वीं आपणच सांगावें, आणि तसें झाल्यास काय करणार, तेंहि सांगावें. नकार आलाच, तर त्याचें कारण नम्रपणें विचारून घ्यावें. एका दारीं नकार मिळाला म्हणून सगळीं दारें बंद होत नाहींत. टाटांच्या लोखंडाच्या कारखान्यास लंडनमध्यें भांडवल मिळेना, तेव्हां १९०७ सालीं मुंबईंत भाग विक्रीस काढले. सुमारें ८,००० लोकांनीं तीन आठवड्यांत तें भांडवल उभें केलें.

मात्र पुढचें दार मामंजींचें नसावें. गुंतवणुकीचाच धंदा करणारा अनेक ठिकाणीं पैसे घालतो. त्यांतले पुष्कळसे बुडतील हें धरून चालतो, आणि एकदोन ठिकाणच्या नफ्यांत सगळें भरून काढतो. मामंजींची पुंजी एकच आहे, आणि ती पुन्हां मिळविण्यास हातीं वर्षेंहि नाहींत. शिवाय परका मनुष्य नाहीं म्हणूं शकतो. बापाला तें जड जातें. म्हणून त्यांनीं द्यावयाचेंच झालें, तर बुडालें तरी घराची चूल व औषधपाणी अडणार नाहीं, तेवढेंच द्यावें, आणि तें कर्ज कीं हिस्सा, हें सर्वांसमक्ष लिहून ठेवावें.

मुंबईस निघण्याच्या आदल्या रात्रीं भावजींनीं आपला कागद मामंजींस वाचून दाखवावा. जेथें ते "पुन्हां सांग" म्हणतील, तेथें गुंतवणूकदारहि अडणार आहे; तो भाग त्याच रात्रीं दुरुस्त करावा.