शंख पिवळा कीं दृष्टि पिवळी?

कावीळ झालेल्या मनुष्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हा आपल्या शास्त्रकारांचा जुना दृष्टान्त. नांदेड येथें १९८१ सालीं श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. आज नांदेड-लातूरकडील कित्येक घरांतील मुलें ही विद्या शिकत आहेत. त्यांस हा दृष्टान्त विशेष उपयोगी आहे.

विहिरीची पाणीपातळी घरीं कळावी म्हणून तारेवरून अक्षरें पाठविणारें यंत्र एखादा विद्यार्थी करितो. अक्षरें विजेच्या चढउतारांनीं, एकामागून एक जातात. सेकंदास ९६०० ठोके हा वेग ठेविल्यास प्रत्येक ठोक्यास सुमारें १०४ मायक्रोसेकंद मिळतात. पलीकडे भलतींच अक्षरें उमटूं लागलीं कीं ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ती लहर पाहावयाची. ती चौकोनी पायऱ्यांसारखी असावी, दिसते वांकडीतिकडी. मग चांगली चिप काढून टाकून नवीसाठीं वडिलांकडे पैसे मागितले जातात.

येथें क्षणभर थांबावें व प्रथम उपकरणाचीच परीक्षा करावी. ऑसिलोस्कोपवर बहुधा १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर देणारी जागा असते. दहापटीचा प्रोब तेथें लावावा. कोपरे गोलावलेले किंवा टोंकदार दिसल्यास प्रोबवरील लहानसा स्क्रू फिरवून ते सरळ करावे. प्रोबची ग्राउंडची तार तोकडी असावी; ती लांब असली कीं पायरीच्या कडेस खोटी थरथर उठते. मात्र ही तार घरगुती विजेच्या जोडणीस कधींहि लावूं नये. ऑसिलोस्कोपमधून ती बहुधा जमिनीशीं जोडलेली असते. त्यामुळें शॉर्टसर्किट होऊन जिवावर बेतूं शकतें.

एवढ्यानेंहि दोष राहिला, तरच तो लहरीचा मानावा. कोपरे गोल असल्यास तारेच्या लांबीच्या मानानें वेग अधिक आहे. कडांशीं थरथर राहिल्यास तारेच्या टोंकावरून लहर परतत असावी. आरएस-४८५ पद्धतींत यासाठींच दोन्ही टोंकांस १२० ओहमचा रोधक बसवितात. सारी लहर सेकंदास ५० वेळां हेलकावत असल्यास शेजारून मोटारीची वीजतार गेली आहे काय, किंवा ग्राउंडची जोडणी सुटली आहे काय, तें पाहावें. लहर निर्मळ, पण अक्षरें चुकीचीं, तर दोन्ही टोंकांचे वेग जुळत नसावेत. शेंकडा पांचाचा फरकहि त्यास पुरतो.

तेव्हां मुलानें नव्या चिपसाठीं पैसे मागितले, तर वडीलधाऱ्यांनीं रागावूं नये. 'प्रोब तपासलास काय?' एवढेंच विचारावें. विद्येचा व पैशाचा, दोहोंचाहि मान त्यांत राहतो.