केसगळतीची साथ आणि तारखांची वही

पावसाळा सरत आला की आमच्या धाडच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपासूनच एक प्रश्न सुरू होतो. "डॉक्टरसाहेब, साथ हाय का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा. "आमच्या गल्लीत घरोघर डेंगू हाय, अन् पेपरात आकडा येवढासाच कसा?" हा दुसरा प्रश्न रागाने विचारलेला असतो आणि तो रास्तही आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

खासगी लॅबमध्ये पट्टीवर केलेली डेंगूची तपासणी पॉझिटिव्ह आली की डॉक्टर उपचार सुरू करतात, ते योग्यच आहे. पण राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबात हा रुग्ण 'संशयित' राहतो. एलायझा पद्धतीच्या तपासणीत ज्याच्या रक्तात डेंगू सापडला तोच 'निश्चित' रुग्ण, आणि ही तपासणी ठरवून दिलेल्या सेंटिनल रुग्णालयांत होते. म्हणजे पेपरात येतो तो आकडा आजारी माणसांचा नसतो. ज्यांचे रक्त त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले आणि त्यात डेंगू निघाला, त्यांचा असतो. दर वेळी त्यात लपवाछपवीच असते असे नाही. मग अशा अपुऱ्या आकड्याचा उपयोग काय? तराजूला पासंग असला तरी तो रोज सारखाच असेल, तर माल कालच्यापेक्षा वाढला की घटला हे कळतेच. साथीच्या आकड्यांचेही तसेच आहे. एकटा आकडा फारसा बोलत नाही. मागच्या आठवड्याच्या आणि मागच्या वर्षीच्या याच आठवड्याच्या शेजारी ठेवला की बोलू लागतो. साथ याचा अर्थच मुळी 'नेहमीपेक्षा जास्त' असा आहे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे रांगभर तापाचे रुग्ण आले तरी ती साथ असेलच असे नाही, आणि पोलिओचा एकच रुग्ण सापडला तरी सगळी यंत्रणा धावत सुटते.

पण 'नेहमी किती' हे माहीतच नसेल तर? डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली शेगाव तालुक्यात, हा पेच उभा राहिला. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतली माणसे सांगू लागली की आधी डोक्याला खाज सुटते, मग ओढला की केस हातात येतो आणि चार दिवसांत टक्कल पडते. बायका, मुले, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. एखाद्या गावात दर महिन्याला किती जणांचे केस गळतात, याची नोंद जगात कोणीच ठेवत नाही. आणि नोंद नव्हती म्हणून तर्कांना ऊत आला. पहिला संशय शाम्पूवर गेला. पण ज्यांनी आयुष्यात शाम्पू लावला नाही त्यांचेही केस गेले होते. मग बुरशी आली, मग 'टक्कल व्हायरस' आला. त्या गावांतल्या लोकांना सलूनमध्ये नकार मिळाल्याच्या, ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या.

पाण्यावर संशय जाणे मात्र अगदी स्वाभाविक होते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. तिथले पाणी तोंडात घेतले तरी कळते. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. अनेकांना वाटले, सापडले कारण! इथेच साथरोगशास्त्रातला सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न विचारावा लागतो: आताच का? खारपाणपट्ट्यातली गावे पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पीत आली आहेत. त्या पाण्याने मूत्रपिंडे खराब होतात ही तक्रार जुनी आहे. मग केस नेमके याच डिसेंबरात का गळावेत? आजाराची सुरुवात आणि संशयिताची हजेरी यांच्या तारखा जुळल्या नाहीत, तर संशयित कितीही वाईट असला तरी त्याला सोडावे लागते.

या तारखा कुठून येतात? आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर फिरून यादी करतात, त्या यादीतून. नाव, वय, घर, गाव, त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, घरात आणखी कोणाला, पाणी कुठले, धान्य कुठले. यात 'त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला' हा रकाना सगळ्यात मोलाचा आणि भरायला सगळ्यात कठीण. दवाखान्यात आल्याची तारीख लिहिणे सोपे असते, पण तिने फसगत होते. शिबिर भरले त्या दिवशी शंभर जण आले म्हणून त्या दिवशी शंभर जण आजारी पडले असे होत नाही. गावात विचारताना तारीख कोणी सांगत नाही. "हरभऱ्याला पाणी देत होतो तवा", "पोरीला पाहायला पाव्हणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी" असे सांगतात. चांगली आशाताई त्यातून तारीख काढते.

अशा तारखा गावागावांच्या कागदावर मांडल्या की चित्र दिसू लागते. संसर्ग असेल तर एका घरात आधी एक, काही दिवसांनी दुसरा, मग शेजारचे घर, मग शाळा, अशी साखळी असते. अंतरा-अंतरावरच्या गावांत, एकमेकांशी गाठ न पडलेली माणसे एकाच सुमारास आजारी पडली, महिना-दीड महिन्यात उसळी आली आणि ओसरली, तर डोळे माणसांवरून काढून सामाईक वस्तूकडे वळवावे लागतात. १८ गावांत २७९ रुग्ण मोजले गेले. नुसती बेरीज पाहिली तर ही भीतीची संख्या आहे. तारीख आणि घर यांच्यासकट पाहिली तर ती शोधाची संख्या होते.

शोध लागला तो सेलेनियमच्या दिशेने. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतले नमुने तपासले. त्यांच्या मते रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होते, तर रेशनवर मिळालेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते. त्यांनी बोट ठेवले ते पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हावर. आयसीएमआरच्या पथकाच्या तपासणीतही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळल्याचे समोर आले. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातली काही जमीन सेलेनियमयुक्त आहे, हे मृदाशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे माहीत आहे. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी इथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचे केस आणि नखे गेली होती. तिथे दुष्काळात भात बुडाला आणि लोक सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीतला मका आणि भाजीपाला जास्त खाऊ लागले होते. थोडक्यात, सेलेनियम शरीराला लागते, पण चिमूटभरसुद्धा नव्हे. त्याची गरज आणि त्याचे विष यांत अंतर फार कमी आहे.

आता शेगावच्या चित्राकडे पुन्हा पाहा. खात्यातल्या मित्रांना आवडणार नाही, पण सांगतो: हा आजार आपल्या नेहमीच्या पाहणीच्या जाळ्यात सापडणारच नव्हता. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्यसेविका लक्षणांचा फॉर्म भरते, डॉक्टर संशयित निदानाचा आणि प्रयोगशाळा निश्चित निदानाचा. एप्रिल २०२१ पासून हे सारे आयएचआयपी या ऑनलाइन व्यवस्थेवर आले, आठवड्याऐवजी रोजच्या रोज माहिती जाऊ लागली. व्यवस्था चांगली आहे. पण लक्षणांच्या फॉर्ममधले रकाने तापाचे, खोकल्याचे, जुलाबाचे, काविळीचे, अचानक आलेल्या लुळेपणाचे. शेवटी एक रकाना 'इतर अनपेक्षित लक्षणे' असा होता, पण तोही अशा लक्षणांसाठी, ज्यांत माणूस दगावतो किंवा भरती होतो. केस गळून कोणी दगावत नाही, कोणाला खाट लागत नाही. म्हणून ही बातमी फॉर्ममधून नाही, सरपंचांच्या तक्रारीतून आणि पत्रकारांच्या मोबाइलमधून वर गेली.

त्याच जानेवारीत पुण्यात वेगळे घडले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून हातपाय लुळे पडणारे जीबीएसचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. हा आजार एरवीही तुरळक दिसतो. त्यामुळे 'नेहमीपेक्षा जास्त' हे मोठ्या रुग्णालयांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांना चटकन जाणवले. पत्ते नकाशावर ठेवताच ते एका भागात दाटलेले दिसले आणि पाण्याकडे लक्ष गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. पुढे रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. तिथे आधी जुलाब, मग काही दिवसांनी लुळेपणा असा क्रम असतो, म्हणून तिथेही रुग्ण भरती झाल्याच्या तारखेपेक्षा आधीच्या जुलाबाची तारीख जास्त उपयोगाची. फरक एवढाच की पुण्यात तज्ज्ञ होते, अतिदक्षता विभाग होते, कागद होते. बोंडगावात आशाताईंची वही होती.

आकड्यांचा नुसता आलेख माणसाला कसा भुलवू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर वर्षानुवर्षे मुंबईत दर आठवड्याच्या प्लेगच्या मृत्यूंची नोंद होत राहिली. स्कॉटलंडमधल्या करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये साथीचे गणित मांडले. तेच गणित पुढे कोविडच्या काळात घरोघर पोहोचले. त्यांनी ते पडताळून पाहिले मुंबईतल्या डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ च्या मृत्यूंवर. घंटेच्या आकाराचा वक्र सुरेख जुळला. पण त्यांचे गणित माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचे होते, आणि मुंबईतला प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येत होता! वक्र जुळणे आणि कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय त्या काळी लोक आजारी माणूस लपवत. सक्तीने घराबाहेर काढून छावणीत नेण्याची धास्ती होती. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या काळात घरात घुसून झडत्या झाल्या, तेव्हा तर लपवणे हाच बचाव झाला. शेगावात जिची सोयरीक मोडण्याची भीती होती त्या मुलीने डोक्यावरचा पदर काढून यादीत नाव लिहायला सांगितले असेल का, याचा विचार २७९ हा आकडा वाचताना करायला हवा.

आमच्या भागात आणखी एक गळती आहे. धाड हे जिल्ह्याच्या टोकाचे गाव. पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका, आणि मोठ्या आजाराला माणूस बुलढाण्याऐवजी सरळ संभाजीनगरच्या बसमध्ये बसतो. तिथल्या खासगी दवाखान्याने कळवले नाही, किंवा कळवले पण पत्ता नातेवाइकाचा दिला, तर तो रुग्ण आमच्या नकाशावर उगवतच नाही. सीमेवरच्या गावांच्या साथी नेहमी मूळ आकाराहून लहान दिसतात त्या यामुळे. तुम्ही वाचक एक गोष्ट सहज करू शकता: दवाखाना कुठलाही असो, केसपेपरवर आपल्या गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहायला लावा, आणि त्रास कधी सुरू झाला ते दिवसासकट सांगा.

शेगावचे पुढे काय झाले? बऱ्याच जणांचे केस परत आले. संपूर्ण अहवालाची वाट मात्र गावे महिनोन्‌महिने पाहत राहिली. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच पट्ट्यातल्या काही गावांतून नखे वेडीवाकडी होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. लोक पुन्हा घाबरले, नवी साथ म्हणू लागले. सेलेनियमच्या विषबाधेत केसांमागून नखे जातात हे वैद्यकाला माहीत आहे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे मुळाशी झालेली इजा वर सरकत यायला काही महिने जातात. एप्रिलच्या मध्याला ती खूण मुळापासून दहा मिलिमीटरवर दिसली, तर हिशेब जानेवारीच्या सुरुवातीला जातो. नवा रुग्ण की जुन्याच घावाची खूण, हे पट्टीने मोजून सांगता येते. मात्र जानेवारीच्या यादीत ते नाव आहे का, हेही पाहावे लागते. त्या दिवसांत कोणत्या घराने कोणत्या तारखेला किती गहू उचलला, ते रेशन दुकानाच्या ई-पॉस मशीनमध्ये आहे. पोत्यातला गहू कुठल्या खेपेचा होता, ते गोदामाच्या नोंदीत शोधावे लागेल. या दोन नोंदी आणि आशाताईंची यादी अजून एकाच टेबलावर यायच्या आहेत.