इंजिन धुवायचं कशाने? डिझेलने तर नाहीच

पावसाळा सरला की वॉशिंग सेंटरवर रांग लागते. कोकणातून आलेल्या गाडीला लाल चिखल, घाटावरच्या गाडीला काळी माती, आणि दोन्हींच्या इंजिनावर तेल-धुळीचा तोच काळा चिकटा. पोऱ्या कॉम्प्रेसरच्या गनला डिझेलचा डबा लावतो, इंजिनभर फवारा मारतो, वरून पाणी सोडतो. इंजिन चकाकतं, मालक खूश होतो आणि पैसे देऊन निघतो. ‘डिझेल मारलं की इंजिन नवं दिसतं’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की त्याविरुद्ध बोलणारा शहाणपणा शिकवतोय असं वाटतं. तरी बोललं पाहिजे. आणि त्याच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या समजाबद्दलही बोललं पाहिजे: द्रावण जितकं जहाल, तितकं गुणकारी.

आधी डिझेल-रॉकेलवाल्यांची बाजू नीट मांडू. तेलाचा मळ तेलाच्याच पातळ भावंडांत विरघळतो, हे रसायनशास्त्र खरं आहे. सुटे केलेले भाग ट्रेमध्ये ठेवून रॉकेल आणि ब्रशने घासणारा मिस्त्री काहीच चूक करत नाही. मोटरसायकलच्या चेनलाही रॉकेल चालतं. ओ-रिंगवाल्या चेनचा घात पेट्रोल करतं. तेव्हा मिस्त्रीची ही सवय अडाणीपणाची नाही. वाद आहे तो गाडीत बसवलेल्या, आजूबाजूला वायरिंग, होस, पट्टे आणि ब्रेक असलेल्या इंजिनाचा. ट्रेमधला न्याय तिथे लागू होत नाही.

पहिला मुद्दा चकाकीचा. डिझेल मारल्यावर दिसते ती चकाकी स्वच्छतेची नसून डिझेलच्याच पातळ थराची असते. डिझेल पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे पाण्याचा फवारा मळाचा वरचा भाग ढकलून नेतो आणि खाली तेलाचा नवा हात राहतो. सिलिंडरच्या फिन्सच्या मुळाशी बोट फिरवून पाहा, बोट बुळबुळीत होतं. चार दिवस धुळीच्या रस्त्यावर गाडी फिरली की त्या थरावर माती बसते, आणि महिन्याभरात इंजिन पहिल्यासारखं होतं. वॉशिंग सेंटरला हे गैरसोयीचं नाही. मालकाला आहे.

दुसरा मुद्दा रबराचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित. आजच्या मोटारींचे रेडिएटर होस आणि अल्टरनेटर फिरवणारे पट्टे बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि पाणी उत्तम सोसतं, पण पेट्रोलियम लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. इंजिन माउंटिंगमधल्या नैसर्गिक रबराचंही तेच. ऑइल सील नायट्राइल रबराचे असतात, ते टिकतात. त्यामुळे ‘इतकी वर्षं मारतोय, सील गेलं नाही’ हा युक्तिवाद ऐकू येतो. सील जात नाही हे बरोबर, पट्टा घसरायला लागतो त्याचं काय? दुचाकीत तर याहून वाईट होतं. फवाऱ्याचं डिझेल उडून ब्रेक डिस्कवर, पॅडवर, ड्रमच्या फटीत जातं. पॅडमध्ये मुरलेलं डिझेल पुसून निघत नाही, आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही तेव्हा कोणालाही वॉशिंग सेंटर आठवत नाही.

तिसरा मुद्दा आगीचा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून पेट्रोलने इंजिन धुणं हा शुद्ध वेडेपणा, हे बहुतेक गॅरेजवाले मान्य करतात. मग ते म्हणतात, ‘पण रॉकेल-डिझेल सुरक्षित.’ हे अर्धसत्य आहे. त्यांना पेट घ्यायला जास्त ऊब लागते खरी. मात्र गनमधून बारीक तुषार होऊन बाहेर पडल्यावर हा दिलासा उरत नाही. शिवाय ठिणगी नसतानाही, नुसत्या तापल्या पृष्ठभागावर पेटण्याच्या बाबतीत ही दोन इंधनं पेट्रोलपेक्षा लवकर हार मानतात: साधारण २१० अंश सेल्सिअस त्यांना पुरतात. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा एक्झॉस्ट याहून कितीतरी गरम असू शकतो.

या सगळ्यात गनमागे उभ्या असलेल्या पोऱ्याचा विचार कोणी करत नाही. तो तोच तुषार दिवसभर श्वासातून घेतो आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतो. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. भारतात त्याची मर्यादा एक टक्का ठेवली आहे ती कर्करोगाच्या भीतीनेच. ‘डबल पावर’ एरोसोल क्लीनरही निर्धोक नाहीत. १९९९-२००० मध्ये कॅलिफोर्नियात ब्रेक क्लीनर वापरणाऱ्या मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येऊ लागला. त्याचं मूळ त्या फवाऱ्यातल्या हेक्झेन या द्रावकात सापडलं. मज्जातंतूंना झालेली ती इजा होती.

आता जहालपणाच्या समजाकडे वळू. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत कुठेही कॅनमधलं जांभळं नाहीतर पिवळं ‘इंजिन क्लीनर’ सुटं मिळतं. दुकानदार अभिमानाने सांगतो, ‘साहेब, हात लावू नका, जळेल.’ हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, खरं तर त्याने तिथूनच परत फिरावं. अशा मालात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. लोखंडी भट्टीची जाळी किंवा हॉटेलचा तवा साफ करायला तो झकास. जुन्या बुलेटचा बिडाचा सिलिंडरही तो सोसेल. पण आजच्या जवळजवळ प्रत्येक दुचाकीचं इंजिन आणि मोटारीचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो. धातू विरघळतो, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, आणि मिश्रधातूतलं सिलिकॉन-तांबं मागे उरून इंजिनावर काळसर राखाडी डाग पडतो. गिऱ्हाईक त्या डागाला जुना मळ समजून आणखी कडक द्रावण मागतं. कपडे धुण्याची पावडर भिजवून रात्रभर थापून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: तिच्यातला धुण्याचा सोडा सौम्य खरा, पण तो वाळेपर्यंत ठेवला की ॲल्युमिनियमवर डाग पाडल्याशिवाय राहत नाही.

परीक्षा घरीच करता येते. काचेच्या वाटीत ते द्रावण सांगितल्याप्रमाणे पाणी घालून तयार करा आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा त्यात टाका. हवेशीर जागी, हातात मोजे घालून. काही मिनिटांत तुकड्याला बारीक बुडबुडे धरले, तो काळवंडू लागला, तर ते द्रावण इंजिनाजवळ नेऊ नका. दुसरी परीक्षा पाण्याच्या पारदर्शक बाटलीची. पाण्यात चमचाभर क्लीनर टाकून हलवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तसंच राहिलं, तर त्यात तेलाला पाण्यात धरून ठेवणारा घटक आहे. लगेच वर तवंग आला तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, आत नुसता द्रावक आहे.

ही दुसरी परीक्षाच माझ्या पसंतीचं कारण सांगते. चांगल्या डिग्रीजरला, म्हणजे तेलाचा चिकटा काढणाऱ्या द्रावणाला, एकाच वेळी दोन कामं करावी लागतात: चिकटा सोडवायचा आणि सोडवलेल्या चिकट्यासकट स्वतःही पाण्याबरोबर निघून जायचं. रॉकेल पहिलं करतं, दुसरं करत नाही. कॉस्टिक दोन्ही करतो, पण धातूची किंमत घेऊन. पाण्यात मिसळणारा, फार अल्कधर्मी नसलेला डिग्रीजर दोन्ही करतो आणि धातूला, रबराला धक्का लावत नाही. अमेरिकेत असली पायसीकारक द्रावणं १९३० च्या दशकातच बाजारात आली होती, तेव्हा हे काही नवं खूळ नव्हे. बाटलीवर ‘ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं आणि पाण्याचं प्रमाण दिलेलं पाहूनच घ्या. महाग वाटतो हे खरं. पण एकास दहा पाणी घातलेल्या द्रावणाचा हिशेब करा आणि मग डिझेलच्या लिटरशी तुलना करा.

‘आजच्या गाडीला पाणी लागलं की सेन्सर जातात’ असं म्हणणाऱ्यांचं थोडक्यात निराकरण. पावसात भिजलेली गाडी चालते ना? कपलरला रबरी सील असतात; ते हरतात ते जवळून मारलेल्या प्रेशर वॉशरपुढे. म्हणून साध्या नळीचं पाणी वापरा, आणि अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर इनटेक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलींना मात्र हात लावू नका. इंजिन हाताला सोसेल इतकंच कोमट असू द्या. तापलेल्या धातूवर द्रावण लगेच वाळतं आणि गार पाण्याने तडा जाऊ शकतो. पाच-दहा मिनिटं थांबा, रंगाच्या जुन्या ब्रशने कोपरे घासा, वाळायच्या आत धुवा. काळं पाणी अंगणातल्या विहिरीकडे किंवा गटारात जाऊ देऊ नका. त्यात तेल मिसळलेलं असतं, आणि वापरलेलं तेल आपल्या २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणून नोंदलेलं आहे.

धुण्याचा खरा फायदा दिसण्यापलीकडचा आहे. स्वच्छ इंजिनावर दोन-तीन दिवसांनी टॅपेट कव्हरच्या कडेला ओलसर रेघ उमटली, तर पॅकिंग गेलं आहे हे कळतं. डिझेल मारलेल्या इंजिनावर ती रेघ दिसूच शकत नाही, कारण तिथे सगळंच ओलसर असतं.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल, तेव्हा जॉबकार्डवर ‘डिझेल मारू नये’ एवढे तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याखाली सही घ्या.