घर दाखवणारी, घर विकणारा

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीतून एक मैत्रीण अर्ध्यातूनच उठली. "रविवारी घर बघायला माणसे येणार आहेत, सगळा पसारा आवरायचा आहे," म्हणाली. राहता फ्लॅट विकायला काढलेला. एजंटने सुचवले होते, एकेकाला वेळ देत बसण्यापेक्षा रविवारी घर सरळ उघडेच ठेवा. दहा ते पाच, ज्याला यायचे तो येईल, बघून जाईल. अमेरिकेत याला 'ओपन हाउस' म्हणतात.

तो रविवार कसा गेला ते तिने पुढच्या बैठकीत सांगितले. शुक्रवारपासून घासपूस. माळ्यावरचे सामान नणंदेकडे, सासूबाईंचा औषधांचा डबा पलंगाखाली, दहावीतली मुलगी पुस्तके घेऊन मैत्रिणीकडे. दिवसभरात वीस-पंचवीस माणसे आली. कोणी मोरीतला नळ सोडून पाहिला, कोणी न विचारता कपाट उघडले, शेजारच्या इमारतीतली दोन कुटुंबे नुसती भाव काढायला आली. सगळ्यांना पाणी, निम्म्यांना चहा. नवरा आणि एजंट गॅलरीत बोलत होते. आम्ही तिला विचारले, "किंमत किती सांगितली आहे?" ती म्हणाली, "ते ह्यांना माहीत."

हे ऐकून वाटले, या विषयावर लिहायलाच हवे.

आधी साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देऊ. घर असे सर्वांना उघडे ठेवून विक्रीला फायदा होतो का? थोडाफार, आणि नेहमी विकणाऱ्यालाच नव्हे. ज्याला खरोखर घर घ्यायचे आहे तो फोन करून येतो, पुन्हा घरच्यांना घेऊन येतो, पाणी किती वाजता येते, गाडी कुठे लावायची, सोसायटीची थकबाकी आहे का, हे विचारतो. रस्त्यावरची पाटी बघून आत शिरणाऱ्यांत नुसते बघे बरेच असतात. अमेरिकेतही बहुतेकांना घर सापडते ते इंटरनेटवर किंवा आपल्या एजंटमार्फत. तरीही ही पद्धत टिकली, कारण एजंटला तिथे नवी गिऱ्हाइके भेटतात. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे, ग्राहकाला घरे दाखवायला नेण्याआधी एजंटला त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. पण ओपन हाउसला आपणहून येणाऱ्याला तशी अट नाही. म्हणजे कोणाशीही करार न केलेला ग्राहक भेटण्याची ती हक्काची जागा. आपल्याकडेही येणाऱ्यांची नावे आणि फोन नंबर ज्या वहीत उतरतात, ती वही एजंटच्या पिशवीतून जाते, हे ध्यानात ठेवावे.

या कामाला आणखी एक बाजू आहे. त्या संघटनेच्या सभासदांत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. रिकाम्या घरात एकटीने बसायचे, अनोळखी माणसाला खोल्या दाखवायच्या, हे त्यांच्या कामाचे स्वरूप. म्हणून तिथे त्यांना शिकवले जाते की एकटीने बसू नका, येणाऱ्याच्या पुढे न चालता मागे राहा, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. आपल्याकडे हेच काम घरची बाई करते. तिला कोणी काही शिकवत नाही आणि तिच्या श्रमाला दलालीही नाही. एजंट आपले टक्के घेतो, नवरा चेक घेतो. तिच्या तीन दिवसांच्या राबण्याचा हिशेब कोणत्याच कागदावर येत नाही.

बघायला येणार म्हणून घर आवरणे, पोहे करणे, हसतमुख राहणे, हे आपल्याला नवीन नाही. आपल्यातल्या बहुतेकजणी एकदा स्वतःच दाखवून घेऊन या घरात आल्या आहेत. त्या वेळीही व्यवहाराचे बोलणे बाहेरच्या खोलीत झाले होते.

मग दार बंदच ठेवावे का? आम्हाला तसे वाटत नाही. उघड्या दाराची एक बाजू चांगली आहे. एकटी राहणारी बाई, मुसलमान जोडपे, दलित कुटुंब घरासाठी फोन करते तेव्हा नाव ऐकताच 'फ्लॅट गेला' असे उत्तर येते, हा अनुभव आपल्या अनेक मैत्रिणींचा आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश आणि धर्मावरून घर नाकारण्याला बंदी घातली. १९७४ मध्ये त्यात लिंगभेदाची भर पडली. तरीही भेदभाव संपला नाही, पण दाद मागायला आधार मिळाला. आपल्याकडे असा कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. अशा स्थितीत 'कोणीही या, बघा' म्हणणारे दार निदान उंबरठा ओलांडू देते. ते उघडणारी बाई आडनाव न विचारता घर दाखवू शकते. हे छोटे काम नाही.

पण त्यासाठी ती या व्यवहारात असायला हवी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते आणि स्थावर मिळकत नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. महाराष्ट्रात तसे नाही. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर खरेदीखतावर बायकोची सही लागत नाही. तिच्या हाती आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. छळ होत असेल तर राहत्या घराची विक्री थांबवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. घर सासऱ्यांच्या किंवा सासूच्या नावावर असले तरी ते 'सामाईक घर' ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हा मालकीचा हक्क नव्हे, राहण्याचा आहे. पण घर विकले गेल्यावर तो मागायला फार कष्ट पडतात. गिऱ्हाईक दारात येते तेव्हा तिला तो माहीत असायला हवा.

म्हणून आमचे म्हणणे असे. घर विकायचे ठरले, तर पाटी लागण्याआधी कागद बाहेर काढा: घर कोणाच्या नावावर, कर्ज किती, किंमत काय, पैसे कोणाच्या खात्यात, आणि पुढचे घर कोणाच्या नावावर. नाव तुमचेही असेल तर न वाचता सही करू नका. घर उघडे ठेवायचेच तर दिवसभर नको, दोन तास पुरेत. उलट दिवसात केव्हाही फोन करून येणाऱ्यांपेक्षा ते सोयीचे पडते. एकटीने दाखवू नका. दागिने, औषधे, कागदपत्रे कुलपात ठेवा. येणाऱ्याचे नाव-नंबर स्वतःच्या वहीत लिहा. चहा नाही केला तरी घराची किंमत कमी होत नाही. आणि झाडलोट घरातल्या सगळ्यांनी करायची, कारण पैसे सगळ्यांच्या घराचे येणार आहेत.

आमच्या मैत्रिणीने पुढच्या रविवारी घर उघडे ठेवले नाही. तिने नवऱ्याला किंमत विचारली. उत्तर मिळायला दोन दिवस आणि एक भांडण लागले. मिळाले तेव्हा कळले की नव्या फ्लॅटचे टोकनही देऊन झाले होते, दिराच्या नावाने. आता ती सल्ला घ्यायला वकील मैत्रिणीकडे जाते आहे.

आपापल्या गटात हा विषय काढा. किती जणींना आपल्या राहत्या घराचा कागद कुठे ठेवला आहे हे माहीत आहे, एवढे जरी विचारलेत तरी चर्चा सुरू होईल. काय बोललात ते आम्हाला जरूर कळवा.